शिंकेच्या गोळीला दुसरं काम

जगातली एखादी वस्तू एकाच कामासाठी जन्माला येते, हे माझ्या अहमदपूरच्या मावशीला आजवर पटलेलं नाही. तिच्याकडे मोडक्या कूलरमध्ये कोंबडी अंड्यांवर बसते, काकांच्या कंडक्टरच्या पिशवीत लसूण राहतो आणि एसटीतून निवृत्त झालेले काका नळाला पाणी आलं की शिट्टी मारून गल्लीला कळवतात. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहिले, तेव्हा माझ्या रसायनशास्त्राच्या जाड पुस्तकाखाली ती पापड दाबून ठेवायची. "अभ्यासबी व्हतो, पापडबी सरळ व्हतेत." आमच्या घराण्यातली पहिली पदवी अशी पापडांसकट मिळाली, आणि मावशी नसती तर ती मिळाली नसती.

मावशीला संधिवात आहे, सकाळी मूठ मिटू न देणारा. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. तुरीच्या राशीच्या धुळीनं शिंका सुरू झाल्या म्हणून एका संध्याकाळी तिनं ॲलर्जीची गोळी घेतली, गाढ झोपली आणि उठली तर बोटं हलकी वाटली. झालं! "शिंकेची हाय म्हणून काय तिनं नाकातच बसावं?" असं म्हणत तिनं शेजारच्या दोन दुखऱ्या गुडघ्यांनाही ती दिली. ते गुडघे दुपारभर घोरत पडले. आठवड्याची गोळी मात्र तिनं कुणाला न सांगता बंद केली.

पाडव्याला मी गेले तर काका भाकरी थापत होते आणि मावशीचे हात पदराखाली. पदर सारला, बोटं टम्म सुजलेली. दुसऱ्या दिवशी तिला लातूरला नेलं. तिथं तिनं शिंकेच्या गोळीचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "मावशी, जुन्या गोळ्यांना नवं काम देता येतं का, हे शोधणारी माणसं आहेत. तुमच्या दुखण्यावर सिद्ध झालं तर मीच लिहून देईन. तोवर तुमची गोळी सोडायची नाही."

मावशीनं ऐटीत माझ्याकडे पाहिलं. "बघ माय, मोठी माणसंबी ह्येच करायलेत!"

"अर्धंच ऐकलंस तू, मावशी."

"ऱ्हायलेलं ऐकायला तू हायस की."

आता गोळी नेमानं चालू आहे. सूज उतरली, भाकरी पुन्हा तिच्या हातची झाली. उजवं मधलं बोट मात्र वाकलं ते वाकलंच. परवा मी ते हातात धरून कुरवाळत बसले, तर तिनं सोडवून घेतलं, दुधाच्या किटलीच्या कडीत अडकवलं आणि किटली उचलून दाखवली. "बघ, आता निसटत न्हाई."

किटली रिकामी होती, हे मी बोलले नाही.