शेळीच्या कानाखालची गोचीड

दुष्काळात पालीचं धरण कोरडं पडलं आणि आमच्या गावच्या बाया खडी फोडायला जाऊ लागल्या. त्यांना सावलीतलं काम मिळावं म्हणून महिलांची विणकाम सहकारी संस्था निघाली. मी तिचा सचिव होतो. मुंबईच्या एका दुकानासाठी लहान मुलांचे स्वेटर विणायचे. भर उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेऊन बाया घामाघूम व्हायच्या.

बौद्धवाड्यातली एक बाई वेगळंच विणायची. तिच्या स्वेटरवरची शेळी सपाट नव्हती. पोट फुगीर, शेपटी मोकळी, कान लोंबते. तपासणीला आणला तेव्हा म्हणाली, “कान उचलून बगा की साहेब.”

खाली काळ्या लोकरीची बारीक गाठ होती.

“हे काय?”

“गोचीड. शेळी हाय अन् गोचीड न्हाई, असं कुटं आसतंय का?”

मी हसलो. मनापासून हसलो, हेही लिहून ठेवतो.

नमुन्याचा फोटो मुंबईला पाठवला. तो पाहून दुकानाच्या मालकीणबाईंनी कळवलं, ही शेळी जिची, तिला संस्थेची शिक्षिका करा, मी भेटायला येते. शिक्षिकेला बारमाही काम होतं. त्या बाईची खडी कायमची सुटणार होती.

“आपल्या घरच्या बाया तिच्या हाताखाली बसणार का बे?” अध्यक्ष मला म्हणाले. त्यांची सून विणायची, पण सपाट. शेळी तिचीच म्हणून सांगायचं ठरलं. गोचिडीचं अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. मला होतं. कुणी न सांगता मी कात्री घेतली आणि संस्थेत ठेवलेल्या त्या स्वेटरवरची ती गाठ कापून टाकली.

दुकानाच्या बाई आल्या. मी सुनेकडे हात केला. मागून ती बौद्धवाड्यातली बाई उठली.

“बाई, ती शेळी माजी हाय. कान उचला, खाली गोचीड हाय.”

बाईंनी एक कान उचलला, मग दुसरा. काही नव्हतं.

“हिच्याच कानात आसंल, बगा,” कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. ती माझ्याकडे बघत होती.

“खोटं बोलू नये,” मी म्हणालो. “संस्थेचं नाव जातं.”

ती पुन्हा खडीवर गेली. पुढे त्याच शेळीची मोठी मागणी आली आणि सुनेला कान काही जमेना. मी बौद्धवाड्यात गेलो. ती दारात राखेनं भांडी घासत होती.

“सूनबाईलाच इचारा की साहेब. त्यांचीच हाय ना शेळी?”

मी दोनदा विनवलं. तिनं मान वर केली नाही.

मागणी रद्द झाली, काम बंद पडलं. बाया मला विचारायला आल्या. मी म्हणालो, “तिनं अडवलं.”

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा बायांनी तिची घागर रांगेतून उचलून लांब ठेवली. मी तिथंच उभा होतो. टँकर रिकामा होऊन गेला. तिनं कोरडी घागर कडेवर घेतली आणि निघाली. आठवडाभरात ते घर परळीच्या वीटभट्टीवर गेलं.

त्या बायांपैकी ज्या हयात आहेत, त्या अजून सांगतात, आपलं काम तिच्यापायी गेलं. ते त्यांना मी सांगितलं होतं.