जुसीपीच्या पहिल्या वॉलरसची जीभ

सियाजाने भिंगाखाली पुन्हा पाहिलं. जीभ आम्लात विरघळवून उरलेल्या गाळात रोगाची ती बारीक अळी वेटोळं करून बसली होती. नमुन्याच्या पिशवीवर नाव होतं जुसीपीचं, तिच्या सख्ख्या भावाच्या मुलाचं. बाकीच्या वॉलरसांच्या जिभा स्वच्छ निघाल्या होत्या.

हडसन उपसागराच्या काठावरच्या त्या गावात शरदात बोटी बेटांकडे जातात. वॉलरसचं मांस त्याच्याच कातड्याच्या पिशव्यांत शिवून गावाजवळ दगडांखाली पुरतात. ते आंबून त्याचं इगुनाक होतं, आणि हिवाळ्यात ते गावभर कच्चंच खाल्लं जातं. ही अळी थंडीने मरत नाही. सियाजाच्या लहानपणी एका हिवाळ्यात ते खाऊन गावातली निम्मी माणसं डोळे सुजून, अंग ठणकत पडली होती. तिची आई त्यानंतर कधी धड चालली नाही. पुढे जिभा तपासायला विमानाने दक्षिणेत जाऊ लागल्या. धुकं पडलं की विमान नाही, आणि निकाल यायचा तोवर जेवणं उरकलेली. वरातीमागून घोडं!

मग दक्षिणेतल्या संशोधकांपुढे सियाजाच उभी राहिली. "तपासणी इथे करा, मी शिकते," ती म्हणाली. "आणि आधी शिकाऱ्यांना विचारा. पिवळ्या सुळ्यांचा वॉलरस सील खातो, रोग त्याच्यातच जास्त. हे तुमच्या भिंगाला दिसत नाही." शेंडी तुटो की पारंबी तुटो, ती हटली नाही. आता ते संशोधक काय शोधायचं तेच शिकाऱ्यांच्या घरी चहा पिता पिता ठरवतात.

तिने जुसीपीला बोलावून सांगितलं. पोराचा चेहरा उतरला.

"आत्या, एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझ्या वॉलरसचा एकेक तुकडा मी सगळ्यांच्या पिशव्यांत शिवलाय."

"सगळ्यांच्या?"

"पहिली शिकार ना. कुणाच्या वाट्याला आली नाही असं कसं चालेल?"

म्हणजे एकही पिशवी सुरक्षित नव्हती, सियाजाच्या लक्षात आलं. त्याला रागवायचं तरी कशावरून? असंच वाग म्हणून तिनेच त्याला वाढवलं होतं.

सगळं मांस टाकायचं, हे सियाजाचं म्हणणं कानावर जाताच बोटींचा म्होरक्या पॉलूसी तरातरा आला. "उकळून खाऊ की."

"निम्मी घरं उकळतील. निम्मी म्हणतील, नुसती चव बघतो. तू कुठल्या घरातला ते मला ठाऊक आहे."

"अख्ख्या गावाच्या तोंडचा घास काढतेयस, बाई."

"काढतेय."

पण ते तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. तिथल्या रीतीने पोराची पहिली शिकार असते ती जन्मताना त्याची नाळ कापणाऱ्या बाईची. जुसीपीची नाळ कापली होती निवियाक आजीने. ती 'खा' म्हणाली असती, तर सियाजाचं भिंग कुणी विचारलं नसतं. आणि आजी तर इगुनाकची वाटच बघत बसली होती. गेल्या वर्षी वॉलरस मिळालेच नव्हते, आणि दातांविना तिला तेवढंच मऊ मांस चघळता यायचं.

जुसीपीला घेऊन सियाजा तिच्याकडे गेली. सियाजाने काही लपवलं नाही. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि जुसीपीकडे वळली.

"पोरा, तुझी शिकार कुणाची?"

"तुझी, आजी."

"दुसऱ्यांच्या पिशव्यांत घातलीस ती?"

"तीही तुझीच."

"मग माझं मांस ज्या पिशवीत, ती पिशवी माझी. पॉलूसीला सांग, म्हातारीने सगळं मागितलंय. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन तोंडावर म्हण म्हणावं."

पॉलूसी आला नाही. म्हातारीला तोंडावर नाही म्हणणारा त्या गावात अजून जन्मायचा होता.

आजीने गावच्या रेडिओला फोन लावला. "या सालचं सगळं इगुनाक मी एकटीने घेतलंय," तिने गावाला सांगितलं. "हावरट म्हणा हवं तर. मागायला कुणी येऊ नका. त्यात रोग आहे, मी ते जाळणार आहे. कोल्ह्याकुत्र्यांनाही मिळायचं नाही. तेही तोच रोग फिरवतात."

सकाळी जुसीपीने एकेक पिशवी दगडांखालून उपसली. थोड्या वेळाने पॉलूसी तेलाचा डबा घेऊन आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. सियाजाला त्या दोघांचा अभिमान वाटला आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

आजी घोंगडं पांघरून चारचाकी गाडीवर बसली होती.

"आजी, वारा बोचरा आहे. घरी सोडू?" सियाजाने विचारलं.

"माझं मांस आहे. शेवटपर्यंत बघणार."

चरबीने पेट घेतला. आजीने सियाजाचा हात धरला.

"मला फार खायचं होतं गं," ती म्हणाली, आणि शेवटच्या पिशवीची राख होईपर्यंत तिथून हलली नाही.