ताणल्यावर कळतं

नळी घशात असल्यानं बोलता येत नव्हतं, पण पडद्यावर माझंच पोट आतून दिसत होतं. कॅन्सर किती खोल गेलाय ते बघायला डॉक्टरीणबाई आत हवा भरत होत्या. "हलू नका हं, आजोबा. डाग पोटाबरोबर ताणला गेला, तर नळीतूनच काढू, पोट फाडायला नको."

माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण जन्मभर चपला केल्या. चामडं काय नि पोट काय, ताणल्याशिवाय खरं सांगत नाही. पसरतो तो डाग वरचा, आखडतो तो आत मुरलेला. बाईंनी तीनदा हवा सोडून पुन्हा भरली. चामडं कापण्याआधीची ती धास्ती मी ओळखतो.

डाग हळूहळू पसरला. "वरवरचाच वाटतोय," त्या म्हणाल्या.

नळी निघाल्यावर मी म्हटलं, "बाई, नजर पक्की आहे तुमची." एवढं मी माझ्या हाताखाली चपला शिकलेल्या थोरल्या पोरालाही कधी म्हटलेलं नाही.