कळसूबाईवर व्याह्यांबरोबर

जमीन सपाट आहे याचं मनापासून वाईट वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे व्याही. राहायला कसबा पेठेत, पण नजर कायम क्षितिजावर. एकदा सिग्नलला स्कूटर थांबवली आणि दूरवर सिंहगड स्वच्छ दिसला, तर हिरवा दिवा दोनदा येऊन गेला तरी हलेनात. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा वळून म्हणाले, "अहो, गडाला घाई नाही, आपल्याला कसली?" डोंगराला ते 'आपण' म्हणतात. पायथ्याशी हात जोडून चढायची परवानगी मागतात आणि ती मिळेपर्यंत बाकीच्यांनी ताटकळायचं.

अशा माणसावर मी दोन वर्षं धुमसत होतो. मंडईत हातगाडीपासून गाळ्यापर्यंत आलेला माणूस मी, हक्काचं सोडत नाही. मुलीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाला, कार्यालयाच्या दारात हार घेऊन दोन तास उभा होतो. नवरदेव आला, वऱ्हाड आलं, व्याही नाहीत! आले ते धुळीनं माखलेले. कारण विचारलं, तर नुसते हसले. मला त्यांच्याकडून 'चुकलं' एवढा एकच शब्द हवा होता. म्हणून त्यांनी "कळसूबाईला येता का?" म्हटल्यावर लगेच तयार झालो. शिखरावरून माणूस पळून जाणार कुठे?

पहाटेच निघालो. लोखंडी शिड्या चढताना मी दोनदा विषय काढला. "खालचं खाली, व्याहीबुवा," म्हणाले, आणि शिडीला कान लावून वारा ऐकत राहिले. माथ्यावर पोचलो तर ढग पायांखाली. मधूनच फट पडायची, धरणाचं पाणी चमकायचं आणि मिटायचं. माझा रागही पेंगुळल्यासारखा झाला. तेवढ्यात देवळातले म्हातारे पुजारी व्याह्यांना म्हणाले, "आज निवांत दिसताय. त्या टायमाला पोराच्या लग्नाची पत्रिका ठिवली नि पळतच उतरलात की!"

व्याही त्यांना गप्प राहायला खुणावू लागले, पण मला उमगलं. पहिली पत्रिका कळसूबाईपुढे ठेवायची, हा त्यांचा नेम. आणि दोन्हीकडच्या पत्रिका छापून घेणारा मी. घासाघीस करत तीन छापखाने फिरलो होतो. त्यांच्या हाती पत्रिका पडली ती सीमांतपूजनाच्या आदल्या रात्री.

"बोलला का नाहीत?"

"मुलीच्या बापाला मांडवात काय ऐकवायचं? चला, ढग चढतायत."

ते पुढे उतरू लागले. आता तो शब्द माझ्या तोंडून निघायला हवा होता, आणि निघत नव्हता. त्यांची टोपी धुक्यात विरून गेली तेव्हा कुठे मी हळूच म्हणालो, "चुकलं."

मीही उतरायला लागलो. मग खालून आवाज आला, "सावकाश या, पायरी ओली आहे."