छबुबाईची बियाण्याची कणगी

नांदूरघाटात दगडी ज्वारीचं जुनं बियाणं आता एकट्या छबुबाईकडेच उरलंय. पेरणीआधी लोक तिच्याच दारात येतात. शेणामातीनं लिंपलेली कणगी, तळाशी कडुलिंबाचा सुकवलेला पाला, मधेमधे वेखंडाचे तुकडे, वरून तोंड मातीनं बंद. घटस्थापनेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "वास आत कोंडून ऱ्हायला पायजे," ती सांगायची, "त्यानंच किडा मरतो, बुरशी धरत न्हाई."

पाला पुरता सुकला का, हे ती चुरगळून, हुंगून ठरवायची. पण हिवाळ्यातल्या तापानं तिला वास येईनासा झाला. अंबाजोगाईला एकटीच दाखवून आली. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, नाहीतर नाही. घरात ती बोलली नाही. यंदाचा पाला तिनं नुसता बोटांनी चाचपला आणि आत घातला.

श्रावणात सून सुकन्या कणगीपाशी थबकली.

"आत्याबाई, कुबट येतंय."

"पावसाळ्यात भिंती बी कुबटतात."

"भिंतीचा न्हाई हा वास. तुमी हुंगा की."

छबुबाईनं कणगीला नाक लावून लांब श्वास घेतला. "वेखंड हाय."

"असं असतंय व्हय वेखंड? फोडून बघू."

"या दमट हवेत? चांगलं असलं तरी नासंल. वास उडाला की राखायला काय उरतंय?"

"अन् आत सडत असंल तर?"

छबुबाईनं कणगीच्या तोंडावरची माती बोटांनी चाचपली.

"तुमाला वासच येत न्हाई का?"

"परवा भाकर करपली तवा तू अंगणातनं पळत आलीस," छबुबाई म्हणाली. "मी चुलीपुढंच बसलेवते."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तशी दोघींनी कणगी फोडली. ओलसर राहिलेल्या पाल्याभोवती ज्वारीचे हिरवट गोळे झाले होते. सुकन्यानं पदर नाकाला लावला. छबुबाई कोपरापर्यंत हात घालून मूठ बाहेर काढायची, सुकन्या पदर सारून हुंगायची.

"हे?"

"न्हाई."

"तळाचं हाय हे."

"न्हाई, आत्याबाई."

शेजारची ताराबाई रिकामी पिशवी घेऊन दारात आली. "सणाआधीच का फोडली गं? बरं झालं. औंदा मला जास्त लागंल, दिराच्या रानात बी हीच पेरायची हाय."

सुकन्यानं सासूकडं पाहिलं. छबुबाईनं पुन्हा हात खाली घातला, मूठभर दाणे काढून सुनेच्या नाकापुढं धरले.

"हे बघ बरं."