पत्रिकेवरून लिहिलेलं पाणी

उद्घाटनाची बातमी उद्घाटनाआधीच लिहून ठेवायची, ही बारामतीच्या आमच्या साप्ताहिकाची रीत. अंक बाजाराच्या दिवशी विकला जायचा, त्यामुळे आदल्या दिवशी तो छापून तयार हवा. मग निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि जणू मांडवातूनच उठून आलोय अशा थाटात फीत, नारळ, टाळ्या सगळं लिहून मोकळं व्हायचं. पाहुणा आलाच नाही, तरी अंकात तो भाषण करून गेलेला असे. नव्वदच्या दशकात मी तिथं उपसंपादक होते. मला या रीतीची चीड होती, अजून आहे.

एकदा इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या नळयोजनेची पत्रिका आली. आमचे इंदापूरचे बातमीदार ती घेऊन आले ते एसटीतच बातमी लिहून. गावातल्या प्रत्येक घरात पाणी पोहोचलं म्हणे. मी नुकतीच अंथुर्ण्याहून परतताना त्या गावात उतरले होते. ओढ्यापलीकडं बौद्ध वस्ती आहे आणि पाइपासाठी खणलेला चर ओढ्याच्या अलीकडंच संपला होता. वस्तीतल्या एका बाईनं मला हाताला धरून तो दाखवला. तिच्या सुनेचे दिवस भरत आलेले, आणि तरी सासू-सून दोघी कालव्यावरून हंडे वाहत होत्या. बाळंतपणाआधी दारात नळ यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

मी हे सगळं सांगितलं. बातमीदार म्हणाले, सरपंचांनी शब्द दिलाय. संपादकांना आम्ही तात्या म्हणायचो. ते सुपारी कातरत म्हणाले, "दोन-चार दिवसांत व्हईल की. पाइप काय पळून चाललाय?"

मग वस्ती राहिलीय, एवढं तरी लिहा म्हटलं. तर शुभकार्यात अपशकुन कशाला, असं तात्यांनी मलाच ऐकवलं. वर, मी वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, मला गावगाडा कळायचा नाही, हेही. गावगाडा म्हणे! पाण्याच्या रांगेत कायम कोण शेवटी उभं राहतं, हे कळायला कुठल्या गावात जन्म घ्यावा लागतो?

बातमी पहिल्या पानावर आली, जशीच्या तशी.

काही आठवड्यांनी ती बाई ऑफिसचा पत्ता विचारत आली. सून बाळंत झाली होती, मुलगी. दोघींच्या अंघोळीचं पाणीही कालव्याचंच. नळासाठी अर्ज घेऊन ती तालुक्याला एका साहेबाकडं गेली, तर त्यानं टेबलावरचा आमचा अंक तिच्यापुढं धरला आणि अर्ज हातात न घेताच तिला वाटेला लावलं.

"तुमच्याकडं पाणी आलंय, पेपरात हाय, म्हणला," ती तात्यांना म्हणाली. "मग आता आमी मागायचं कुणाकडं?"

तात्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, बघतो म्हणाले. बघायचं काय त्यात? मी म्हटलं, याच अंकात छापू, वस्तीत पाणी आलेलं नाही. तात्यांनी अडकित्ता उचलला. चहा न घेताच ती उठली. जिन्याशी चपला घालायला वाकली तेव्हा ती गेली असंच त्यांना वाटलं, आणि ते मला म्हणाले, "आपणच आपला पेपर खोटा पाडायचा व्हय?"

ती तशीच मागं वळून दारात उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"नगा पाडू, तात्या. पेपर खराच ऱ्हाऊ द्या. आमीच खोट्या."

ती इंदापूरची गाडी गाठायला गेली. त्यानंतर मी तात्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एक शब्द मागं घेतला नाही, घेणारही नाही. पण मी इकडं भांडत होते तेव्हा ती घरी पोचून हंडा घेऊन कालव्याकडं निघाली असणार.