उजवं नक्की कुणाचं?

आमच्या थोरलीला घरात सगळे भोवरा म्हणतात. डावीकडे वळ म्हटलं की ती हमखास उजवीकडे वळायची. शाळेच्या कवायतीत सगळी रांग एकीकडे आणि ही एकटी दुसरीकडे. आता चोवीस वर्षांची आहे, एका गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग बघते. हात सफाईदार, डोकं तल्लख, पण डावं-उजवं म्हटलं की अजूनही क्षणभर थबकते.

मंगळवारी ती डबा विसरली म्हणून मी गॅरेजात गेले. उघड्या बॉनेटसमोर मालक हात कमरेवर ठेवून उभे होते.

"तू सेन्सर बदललास, गाडी गेली आणि दोन दिवसांत डॅशबोर्डवर तोच बिघाडाचा दिवा लावून परत आली. दुपारपर्यंत तो विझला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

मालक आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "झालंय तरी काय?"

"ऑक्सिजन सेन्सरचा हीटर गेलाय."

"गाडी आधीच एवढी तापते, तिला आणखी हीटर कशाला?"

"अगं, धूर जातो त्या नळीत तो सेन्सर असतो. थंड असला की त्याला काही ओळखू येत नाही, म्हणून त्याच्या पोटात इवलासा हीटर. सकाळी चहाआधी तुला तरी काही कळतं का?"

एरवी मी हसले असते. तिने फ्यूज तपासला, ठीक. सेन्सरच्या प्लगपर्यंत वीज येत होती. मग तिने खिशातून परवा काढलेला जुना सेन्सर काढला, त्याच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला आणि चेहराच उतरला.

"सहा ओम. आई, हा तर ठणठणीत आहे! मी चांगला काढून टाकला?"

"मग बिघडलेला कुठला?"

"इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक आहे. कॉम्प्युटरने दाखवलेल्या बिघाडापुढे गाडीच्या पुस्तकात उजवा लिहिलाय. मी उजवाच बदलला. हा बघ." गाडीकडे तोंड करून तिने उजवा हात पुढे केला.

मला काहीच कळेना. "उजवा कुणाचा? तुझा की गाडीचा?"

ती दार उघडून सीटवर बसली, पुढे बघितलं, स्वतःचा उजवा हात उचलला आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. तो हात दुसऱ्याच बाजूला होता.

त्या बाजूच्या सेन्सरला मीटर लावला, तर काटा हललाच नाही. आतली तार तुटलेली. तिने परवा बसवलेला नवा सेन्सर काढून तिकडे बसवला, जुना परत त्याच्या जागी. कॉम्प्युटर लावून जुनी नोंद पुसली आणि मालकांना शेजारी बसवून मोठी चक्कर मारून आली. दिवा लागला नाही.

"माझी चूक होती," ती उतरताच म्हणाली. "चांगला काढला होता. समोर उभी राहून उजवं मोजलं."

मालकांनी डोकं खाजवलं. "उद्या वेळेवर ये. आणि आधी गाडीत बसायचं, मग हात लावायचा."

ती आनंदाने डबा उघडून बसली. मला मात्र घास गोड लागेना. लहानपणी तिला डावं-उजवं मीच शिकवलं होतं. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायचे, स्वतःचा उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, "हा उजवा." आरशात बघावं तशी ती समोरचा हात वर करायची. तिचा डावा. आणि मी म्हणायचे, "शाब्बास!"

हे तिला सांगावं का, ते मला अजून कळलेलं नाही. सांगितलं तर ती हसेल की चिडेल? बरं, तिच्या बाबांना मी शिकवलेलं नाही, आणि तेही चुकतातच.

"आई, पाणी दे ना, तुझ्या उजवीकडे आहे," ती म्हणाली. मी डावीकडे हात घातला.